फिलाडेल्फियाच्या यंत्राला फ्रेंच कशी कळणार?

१९५५ साल नुकतंच लागलं होतं. फिलाडेल्फियात युनिव्हॅक संगणक बनवणाऱ्या रेमिंग्टन रँड कंपनीत ग्रेस हॉपर यांनी वरिष्ठांपुढे एक अहवाल ठेवला. यंत्राला हुकूम द्यायचे ते आकड्यांत आणि तुटक खुणांतच का, सरळ इंग्रजी शब्दांत का नकोत, असं त्यांचं विचारणं होतं. नमुन्यादाखल इंग्रजी शब्दांत लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम त्यांनी सोबत जोडला होता. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर बहुधा निभावलं असतं. पण हॉपरबाई मूळच्या गणिताच्या प्राध्यापिका. मुद्दा पुरता सिद्ध केल्याशिवाय त्यांना चैन पडेना. यंत्राच्या लेखी इंग्रजी शब्द म्हणजे नुसता शून्य-एकाचा एक नमुना, मग दुसऱ्या भाषेचा शब्दही त्याला तितकाच चालेल, हे पटवायला त्यांनी तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्द घालूनही दाखवला.

साहेबमंडळी बिथरली. फिलाडेल्फियात बनलेलं अस्सल अमेरिकन यंत्र, त्याला फ्रेंच आणि जर्मन कशी कळणार? तेवीस वर्षांनंतर, १९७८ साली, प्रोग्रॅमिंग भाषांच्या इतिहासावर भरलेल्या परिषदेत हॉपरबाईंनी हा किस्सा सांगितला तेव्हा सभागृहाला हसू आवरलं नसणार. त्या वेळी मात्र त्यांना आणाभाका घ्याव्या लागल्या, की आम्ही इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेचं नाव काढणार नाही.

हसू येतं खरं, पण त्या साहेबांची चूक फार लोकांनी, फार वर्षं आणि फार हुशारीने केलेली आहे. यंत्राशी बोलताना माणसाच्या भाषेकडून काहीतरी घ्यावं, ही कल्पना संगणकाइतकीच जुनी. प्रश्न एवढाच, की घ्यायचं काय? तिचे शब्द, की तिच्या चालीरीती? पुढची पन्नास-साठ वर्षं हा झगडा चालला आणि त्यात खलाशी, खगोलशास्त्रज्ञ, मिशनरी होऊ पाहणारा एक भाषाभ्यासक आणि दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा एक वैयाकरण असे सगळे येऊन गेले.

खलाशी म्हणजे हॉपरबाईच. १९४३ साली त्या अमेरिकी आरमाराच्या राखीव दलात दाखल झाल्या, हार्वर्डच्या मार्क वन यंत्रावर काम करू लागल्या, आणि १९५२ साली त्यांनी ए-झीरो नावाचा, आजच्या कंपायलरचा पूर्वज म्हणता येईल असा प्रोग्रॅम लिहिला. इंग्रजीचा हट्ट त्यांनी धरला तो अनुभवातून. वर्गात काही मुलांना गणित जमत नाही हे त्यांनी पाहिलं होतं. व्यापारी कंपन्यांत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की इथल्या माणसांना गणित जमत नाही असं नाही, त्यांना ते करायचंच नाही. गोदामातल्या कारकुनाला क्ष आणि य देऊन उपयोग नाही. त्याला 'प्राइस' आणि 'क्वांटिटी' द्या. या विचारातून फ्लो-मॅटिक ही भाषा उभी राहिली. युनिव्हॅकच्या स्मृतीत एका घरात बारा अक्षरं मावत, म्हणून नावंही बारा अक्षरांच्या आत बसवायची. माणसाच्या भाषेला यंत्राच्या कप्प्याचं माप लागलं ते असं.

मग १९५९ साल उजाडलं. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची भाषा वेगळी, आणि संरक्षण खात्याकडे तर सगळ्यांचीच यंत्रं. मे महिन्याच्या अखेरीस पेंटॅगॉनमध्ये दोन दिवस बैठक झाली. चाळीसएक माणसं जमली आणि सगळ्या यंत्रांवर चालेल अशी एक व्यापारी भाषा हवी यावर एकमत झालं. काम समित्यांकडे गेलं. त्यांतल्या अल्पमुदतीच्या समितीने काही महिन्यांत तात्पुरती डागडुजी करायची आणि खरी भाषा दुसरी समिती सावकाश घडवणार, असा बेत होता. दुसऱ्या समितीची भाषा कधी आलीच नाही. तात्पुरतीचं नाव कोबोल.

कोबोलच्या बैठकांत जे वाद पेटले त्यातला एक मुद्दाम सांगण्याजोगा आहे. बेरीज-वजाबाकी लिहायची कशी? एका गटाचं म्हणणं, सूत्र लिहू द्या: समान चिन्ह, गुणिले चिन्ह, संपलं. दुसरा गट म्हणे, चिन्हं पाहिली की व्यवहारातला माणूस पळेल. त्याला 'मल्टिप्लाय प्राइस बाय क्वांटिटी गिव्हिंग टोटल' असंच लिहू द्या. शेवटी दोन्ही ठेवलं. शिवाय वाक्य इंग्रजी वाटावं म्हणून 'इज', 'दॅन' असे काही शब्द ऐच्छिक ठेवले. घातले तरी चालतात, गाळले तरी चालतात, अर्थाला त्यांचा काडीचा उपयोग नाही. यांना नावही समर्पक होतं: गोंगाटी शब्द. भाषेची रचनाही इंग्रजी लेखनासारखी: क्रियापदं, वाक्यं, परिच्छेद, विभाग. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम.

समितीचं गाडं इतकं रखडलं, की आरसीए कंपनीचे हॉवर्ड ब्रॉमबर्ग यांनी वैतागून एक संगमरवरी थडगं विकत घेतलं, त्यावर कोबोल अशी अक्षरं कोरून घेतली आणि ते पेंटॅगॉनच्या चार्ल्स फिलिप्स यांच्याकडे पाठवून दिलं. हे कसलं नाव म्हणून दुकानदाराने विचारलं तेव्हा ब्रॉमबर्ग म्हणाले म्हणे, पोलिश नाव आहे, फालतू चिन्हं काढून आखूड केलंय. ते थडगं आज कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहासाच्या संग्रहालयात आहे. ज्याच्यासाठी ते घडवलं तो मात्र त्यात उतरायला तयार नाही. १९६०च्या डिसेंबरात एकच कोबोल प्रोग्रॅम आरसीए आणि युनिव्हॅक अशा दोन वेगळ्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला, आणि तेव्हापासून बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांचा हिशेब या भाषेच्या गळ्यात पडला. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात, दोन अंकी वर्षांचा गोंधळ निस्तरायला अंधेरीच्या सीप्झमध्ये आणि पुण्यात जी मुलंमुली रात्री जागत होती, त्यांच्यापुढे हेच व्यापारी इंग्रजी होतं. २०२०च्या एप्रिलमध्ये बेरोजगार भत्त्याची यंत्रणा अर्जांच्या ओझ्याखाली वाकली तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल येणाऱ्यांनी मदतीला यावं असं जाहीर आवाहन केलं.

म्हणजे कोबोल यशस्वी झाली. हॉपरबाईंचा विचार मात्र अर्धाच खरा ठरला. कोबोलचं पान इंग्रजी येणाऱ्याला वाचता येतं, लिहिता येत नाही. वाचताना जी ओळखीची वाटते ती लिहायला बसलं की परकी होते, कारण इंग्रजीत एकच गोष्ट पाच तऱ्हांनी सांगता येते आणि कोबोलला त्यातली एकच तऱ्हा कळते. शेकडो शब्द राखीव. ते आपल्या कामाला घ्यायचे नाहीत. आणि तो पूर्णविराम! इंग्रजीत तो चुकला तर वाचणारा सांभाळून घेतो. कोबोलमध्ये 'जर'ची व्याप्ती कुठे संपते ते पूर्णविराम ठरवायचा; एक टिंब जास्त पडलं की जे हुकूम अटीखाली असायला हवे ते सरसकट पाळले जात. माशीएवढ्या टिंबावर पगारपत्रकं अवलंबून. 'जर'चा शेवट सांगणारा स्वतंत्र शब्द कोबोलला मिळाला तो १९८५च्या आवृत्तीत.

कोबोलच्या जन्माच्या सुमारास युरोपात वेगळं नाटक चाललं होतं. १९५८च्या मे अखेरीस झुरिकला अमेरिकन आणि युरोपीय तज्ज्ञ एकत्र आले. गणितासाठी एक आंतरराष्ट्रीय भाषा घडवायची होती. पुढे तिचं नाव अल्गोल झालं. तिथे शब्दांवरून भांडण झालं नाही, दशांशचिन्हावरून झालं. अमेरिकेत टिंब देतात, युरोपात स्वल्पविराम. एका सभासदाने टेबलावर मूठ आपटून सांगितलं, की दशांशासाठी टिंब मी कदापि वापरणार नाही. बैठक ठप्प. त्या रात्री जोसेफ वेगस्टीन दोन्ही गोटांत फिरले आणि तोडगा घेऊन आले: भाषेच्या तीन पातळ्या ठेवू. एक केवळ व्याख्येसाठी, एक छापण्यासाठी, एक यंत्रात घालण्यासाठी. कोणती खूण कुठे वापरायची ते ज्याचं त्याने पाहावं. गंमत म्हणजे हेच वेगस्टीन पुढच्या वर्षी कोबोलच्या अल्पमुदतीच्या समितीचे प्रमुख झाले.

वेगस्टीन यांचा तोडगा भांडण मिटवण्यापुरता होता, पण त्यात एक खोल गोष्ट दडलेली होती. भाषा म्हणजे तिच्या खुणा नव्हेत. खुणा बदलल्या तरी जी उरते ती भाषा. आता त्या उरलेल्या गोष्टीचं वर्णन करायचं कसं? फोरट्रान घडवणारे आयबीएमचे जॉन बॅकस यांनी १९५९च्या जूनमध्ये, पॅरिसला युनेस्कोच्या परिषदेत, त्यासाठी एक नवी मांडणी सुचवली. 'संख्या म्हणजे एक अंक, किंवा संख्या आणि तिच्यापुढे आणखी एक अंक' अशा स्वतःलाच पोटात घेणाऱ्या नियमांनी अख्खी भाषा बांधायची. कल्पना एमिल पोस्ट या तर्कशास्त्रज्ञाच्या कामातून घेतली, असं बॅकस पुढे सांगत. परिषदेत तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. गेलं ते पीटर नाउर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाचं, जे तोवर आकाश सोडून संगणकात रमले होते. १९६०च्या जानेवारीत अल्गोलची निर्णायक बैठक पॅरिसला भरली तेव्हा नाउर त्या पद्धतीने लिहिलेला मसुदा हातात घेऊनच आले. अल्गोलचा अहवाल तसाच छापला गेला. १९६४ साली डोनाल्ड कनुथ यांनी सुचवलं, की या मांडणीला दोघांचं नाव द्यावं. तेव्हापासून ती 'बॅकस-नाउर रूप'.

इकडे भाषाशास्त्रात नोम चॉम्स्की यांनी १९५६ आणि १९५७ साली जवळजवळ हीच यंत्रणा मांडली होती, आणि तीही इंग्रजीसाठी. मांडून लगेच म्हटलं होतं, की माणसाच्या भाषेला ही पुरत नाही. कर्तरीचं कर्मणी कसं होतं, हे सांगायला आणखी काहीतरी हवं. १९६२ साली गिन्सबर्ग आणि राइस यांनी सिद्ध केलं, की चॉम्स्कींचा हा अपुरा प्रकार आणि अल्गोलच्या नियमांचा प्रकार गणिती दृष्टीने एकच. थोरल्याला आखूड झालेला सदरा धाकट्याला अगदी बेताने बसला. इंग्रजीचं व्याकरण म्हणून नापास झालेली गोष्ट यंत्राच्या भाषांचं व्याकरण म्हणून आजतागायत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते आहे. आणि त्यात इंग्रजीचा एक शब्दही नाही.

१९६७च्या मार्चमध्ये या गोष्टीत पाणिनी आला. अमेरिकेतल्या 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या मासिकात पीटर इंगरमन यांचं एक छोटं पत्र छापून आलं. बॅकस यांच्या मांडणीच्या तोडीची रीत पाणिनीने संस्कृतच्या व्याकरणासाठी कितीतरी शतकं आधीच वापरली होती. तेव्हा श्रेय द्यायचंच तर 'पाणिनी-बॅकस रूप' म्हणावं, अशी त्यांची सूचना. ती कुणी मानली नाही, पण आपल्याकडे तिच्या आधारावर बऱ्याच अभिमानाच्या गुढ्या उभारल्या गेल्या. मला वाटतं, अभिमान योग्य आहे आणि कारण चुकलं आहे. पाणिनीने केलं ते बॅकस यांच्यापेक्षा वेगळं आणि अधिक नवलाचं होतं.

इति आणि आदि मिळून इत्यादि होतं, सु आणि आगत मिळून स्वागत. इ, उ, ऋ, लृ यांच्यापुढे वेगळा स्वर आला, की त्यांच्या जागी अनुक्रमे य, व, र, ल येतात. पाणिनीचं हे सूत्र पाच अक्षरांचं आहे. त्यात पदं तीन: पहिलं षष्ठीत, दुसरं प्रथमेत, तिसरं सप्तमीत. शाळेत आपण विभक्तीचे तक्ते पाठ केले ते कंटाळून. पाणिनीने त्या तक्त्याचं यंत्र केलं. सूत्रात षष्ठी आली, की 'याच्या जागी' असं समजायचं. प्रथमेत जे असेल ते तिथे येतं. सप्तमी म्हणजे 'हे पुढे असताना', आणि पंचमी म्हणजे 'याच्या नंतर'. या विभक्तींचे असे ठरीव अर्थ त्याने पहिल्याच अध्यायात, वेगळी सूत्रं करून सांगून ठेवले. बोलण्यातल्या षष्ठीला शंभर अर्थ असतात, बापाचा मुलगा, सोन्याची अंगठी, उद्याची गाडी. सूत्रातल्या षष्ठीला एकच. चिन्हं त्याला शोधावी लागली नाहीत. मौखिक परंपरेत ती चालणारही नव्हती. बाण आणि कंस तोंडाने कसे म्हणणार? त्याने आपल्याच भाषेचा एक अवयव घेतला, त्याचा अर्थ घासूनपुसून एकमार्गी केला आणि त्याच भाषेचं वर्णन करायला जुंपला. शिवाय बॅकस यांच्या नियमांना शेजारीपाजारी काय आहे याची दखल घेता येत नाही. पाणिनीचे नियम शेजार पाहूनच चालतात.

अनुवृत्ती त्याहून रंजक. त्या सूत्राच्या पुढच्याच सूत्रात ए, ओ, ऐ, औ यांच्या जागी अय्, अव्, आय्, आव् येतात असं सांगितलं आहे. नयन आणि पवन हे शब्द असे घडतात. इथेही अट तीच, पुढे स्वर असला पाहिजे. पण ती पुन्हा सांगितलेली नाही. मागच्या सूत्रातलं सप्तमीचं पद आपसूक खाली उतरतं, हीच अनुवृत्ती. आपण बोलताना हेच करतो. 'रमा बाजारात गेली, भाजी घेतली, परत आली', यात रमा एकदाच येते. सुमारे चार हजार सूत्रांची अष्टाध्यायी पाठांतरात मावते ती या काटकसरीमुळे. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माइतका आनंद होतो, अशा अर्थाचं वचन नागेश भट्टांच्या परिभाषेन्दुशेखरात आहे. नागेश मूळचे काळे आडनावाच्या महाराष्ट्रीय घराण्यातले, वास्तव्य काशीला. त्यांचा हा ग्रंथ संपादून इंग्रजीत नेला तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न या जर्मन पंडिताने. १८६८ ते १८७४ या काळात तो मुंबईत छापला गेला.

नागेशांचं नाव संगणकाच्या इतिहासात आणखी एकदा येतं, आणि ते बहुतेकांना ठाऊक नसतं. १९८५ साली नासाच्या एम्स केंद्रात काम करणारे रिक ब्रिग्ज यांनी 'एआय मॅगझीन'मध्ये एक लेख लिहिला. मैत्रीखातर मैत्र देवदत्तासाठी भांड्यात, विस्तवावर भात शिजवतो, अशा वाक्याची कर्ता, कर्म, करण, संप्रदान अशी फोड वैयाकरण कशी करत ते त्यांनी नागेशांच्या लघुमंजूषेच्या आधाराने दाखवलं. मग कृत्रिम बुद्धिमत्तेतले लोक वाक्याचा अर्थ यंत्रात साठवायला जी जाळी विणतात तिच्याशी त्या फोडीचं साम्य दाखवलं. म्हटलं तर एवढंच. त्याचं पुढे 'नासा म्हणते संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा' असं झालं आणि दर गुरुपौर्णिमेच्या आसपास ते कुणा ना कुणाच्या फोनवर येतं. ब्रिग्ज यांनी संस्कृतात प्रोग्रॅम लिहा असं सांगितलेलं नाही. त्यांना मोह पडला तो वैयाकरणांच्या विश्लेषणाचा. फिलाडेल्फियाच्या साहेबांनी फ्रेंच शब्दांचा धसका घेतला, आपण संस्कृत शब्दांचा गौरव करतो. दोघांचं लक्ष शब्दांवरच.

मधल्या काळात संगणकशास्त्रज्ञ एडस्गर डाइक्स्ट्रा यांनी या साऱ्या खटाटोपावर काट मारून ठेवली होती. कोबोलविषयीचा त्यांचा राग जगजाहीर होता. १९७८ सालच्या एका टिपणात त्यांनी मुळालाच हात घातला: माणसाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिणं सोपं होईल हा भ्रम आहे. ग्रीक गणित शब्दांत अडकलं म्हणून अडलं. बीजगणिताला वेग आला तो व्हिएत, देकार्त, लायब्निझ यांनी चिन्हं आणल्यावर. चिन्हांची शिस्त ही शिक्षा नसून सवलत आहे. मूर्ख विधानं बोलीभाषेत बेमालूम खपतात, चिन्हांत ती उघडी पडतात. या युक्तिवादाला उत्तर देणं कठीण, आणि कोबोलच्या बाजूने तर अशक्यच.

उत्तर आलं ते भलतीकडून. लॅरी वॉल यांनी सिअॅटल पॅसिफिक विद्यापीठातून जी पदवी घेतली तिचा विषयच होता 'नैसर्गिक आणि कृत्रिम भाषा'. मग ते आणि त्यांच्या पत्नी ग्लोरिया बर्कलीला भाषाशास्त्र शिकायला गेले. लिपी नसलेली एखादी भाषा शिकायची, तिला लेखी रूप द्यायचं आणि तिच्यात बायबल आणायचं, असा दोघांचा मनसुबा होता. मिशनरी आणि व्याकरण ही जोडी आपल्याला नवी नाही. फादर स्टीफन्स यांचं कोकणीचं व्याकरण १६४० साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं आणि विल्यम कॅरी यांचं मराठीचं १८०५ साली सेरामपूरला. वॉल यांची प्रकृती मात्र आडवी आली. ते अमेरिकेतच राहिले, संगणकाच्या नोकरीत शिरले, आणि ढीगभर फायलींतून अहवाल काढायला हाताशी असलेली साधनं अपुरी पडली तेव्हा त्यांनी स्वतःची भाषा रचली. १८ डिसेंबर १९८७ रोजी ती जगापुढे आली. तिचं नाव पर्ल.

पर्लचं पान पाहिलं तर त्यात इंग्रजी कुठे दिसत नाही. डॉलर, ॲट, टक्का अशा चिन्हांचा नुसता सडा. कोबोलवाल्याला घेरी यावी. पण ही चिन्हं काय करतात ते पाहा. नावापुढे डॉलर लावला तर एक वस्तू, ॲट लावलं तर अनेक: एकवचन आणि अनेकवचन. अनेकांच्या यादीतली एकच वस्तू हवी असेल तर त्याच नावाला ॲटऐवजी डॉलर लागतो, कारण आता बोलणं एकाविषयी आहे. क्रियाही वचन पाहून वागते. वेळ विचारणारी एक क्रिया आहे. एकवचनात विचारा, ती माणसाला वाचता येईल अशी तारीख-वेळ देते, अनेकवचनात विचारा, तर नऊ आकड्यांची यादी हातात ठेवते. शब्द तोच, प्रसंग पाहून अर्थ वेगळा. डाइक्स्ट्रांच्या डोळ्यांत हे पाप ठरलं असतं.

आणि सर्वनाम. डॉलरच्या पुढे एक अधोरेषा काढली, की पर्लमध्ये त्याचा अर्थ होतो 'ते', म्हणजे ज्याविषयी आत्ता बोलतो आहोत ते. बहुतेक वेळा तेही लिहावं लागत नाही. फाइलीतली प्रत्येक ओळ घे, छाप. काय छाप, ते सांगायला नको. पाणिनीची अनुवृत्ती इथे, कुणी न बोलावता, पुन्हा अवतरली. मला नाही वाटत वॉल यांनी ती अष्टाध्यायीतून घेतली. बोलणाऱ्या माणसांकडे नीट कान दिला, की ती कुणालाही सापडावी.

बाकीच्या रीतीही तशाच उचललेल्या. जे वारंवार लागतं ते आखूड असावं; मी, तू, हो, ना हे शब्द कोणत्या भाषेत लांबलचक असतात? अट आधी सांगावी की मागाहून, ते बोलणाऱ्याच्या मनावर. 'पाऊस नसला तर येईन' आणि 'येईन, पाऊस नसला तर' या दोन वाक्यांचं वजन वेगळं आहे, आणि पर्ल दोन्ही मान्य करते. इतर भाषांकडून लागेल ते सी, सेड, ऑक, शेल यांच्याकडून बिनदिक्कत घेतलेलं; मराठीने पगार आणि बटाटा पोर्तुगीजांकडून, अर्ज आणि दप्तर फारसीतून घेतलं तसं. भाषा थोडी आली तरी कामापुरतं बोलता यावं, बोबडं बोलणाऱ्याला कुणी हसू नये, हेही वॉल यांनी तत्त्व म्हणून मांडलं. १९९०च्या दशकात वेबसाइटी उभारायला निघालेली, संगणकशास्त्राचं तोंड न पाहिलेली हजारो माणसं या भाषेत शिरली ती या दारातून.

तक्रारी खऱ्या होत्या. संदर्भावर अर्थ सोपवायचा तर ऐकणाऱ्याला संदर्भ ठाऊक हवा. यंत्राला तो असतो, कारण नियम त्याच्या पोटात आहेत. सहा महिन्यांनी तोच प्रोग्रॅम दुरुस्त करायला बसलेल्या माणसाला नसतो. एका गोष्टीच्या दहा रीती म्हणजे दहा जणांच्या दहा बोली, आणि कंपनीत दहा जणांनी एकच फाइल चालवायची असते. पायथनवाल्यांनी नेमका उलटा कित्ता गिरवला, की उघड अशी एकच रीत असावी, आणि गर्दी हळूहळू तिकडे वळली. जिवंत भाषा सहन करते तेवढी मोकळीक कार्यालयीन टिपणीला परवडत नाही, हे कुठल्याही हेडक्लार्कने सांगितलं असतं.

पर्लच्या गोतावळ्यातली सगळ्यात सुरस करामत २००० सालची. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातले डेमियन कॉनवे यांनी लॅटिनमध्ये पर्ल लिहिता येईल अशी सोय केली. इंग्रजी शब्दांच्या जागी लॅटिन शब्द एवढंच असतं तर तो हॉपरबाईंचा जुनाच प्रयोग झाला असता. कॉनवे यांनी चिन्हं आणि क्रम दोन्ही काढून टाकले आणि त्यांचं काम प्रत्ययांना दिलं. क्रिया आज्ञार्थात. तिला जे पुरवायचं ते द्वितीयेत, आणि उत्तर ज्यात ठेवायचं ते चतुर्थीत, कारण ते 'त्याला द्यायचं' आहे. एकवचनी प्रत्यय म्हणजे एक वस्तू, अनेकवचनी म्हणजे यादी. शब्द हवे तसे मागेपुढे करा, प्रोग्रॅम तोच राहतो. आकडे अर्थात रोमन. ते थट्टेत केलं होतं आणि चालतही होतं. गंमत म्हणून बाजूला सारावी अशी ही गोष्ट नव्हे. प्रोग्रॅमला क्रम लागतो तो इंग्रजीला लागतो म्हणून, ही शंका तिने प्रत्यक्ष चालवून दाखवली. मराठी, संस्कृत किंवा लॅटिन बोलणाऱ्यांनी पहिला संगणक घडवला असता तर कंस कमी आणि प्रत्यय जास्त झाले असते का, हा प्रश्न निदान विचारण्याजोगा आहे.

त्याच वर्षी वॉल यांनी पर्लची सहावी आवृत्ती मुळापासून रचायचं जाहीर केलं. बांधकाम पंधरा वर्षं चाललं. २०१५च्या नाताळात ती आली. 'ते' या सर्वनामाला तिच्यात अधिकच मान मिळाला. एखादी गोष्ट चर्चेचा विषय म्हणून समोर ठेवायची आणि मग तिच्याविषयी 'असं असेल तर, तसं असेल तर' बोलत जायचं, यासाठी खास रचना आली. पण एका गोष्टीत वॉल यांनी माघार घेतली. यादीतली एक वस्तू काढताना ॲटचा डॉलर व्हायचा, ती वचनाची जुळणी त्यांनी काढून टाकली. नव्या भाषेत नावाला जे चिन्ह एकदा चिकटलं ते कायमचं. भाषाशास्त्रज्ञाला ती जुळणी सुंदर वाटत होती, शिकणाऱ्यांना ती इतक्या वर्षांत वळणी पडली नव्हती.

नवी भाषा जुनीपासून इतकी दूर गेली, की तिला पर्ल म्हणावं का यावरूनच दोन तट पडले. २०१९च्या ऑक्टोबरात नाव बदलून 'राकू' करायचं ठरलं. वॉल यांनी संमती दिली, आणि देताना शुभवर्तमानातला दाखला दिला: जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचं ठिगळ लावू नये, नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यांत भरू नये.